ज्या खाणीतून आपण आलो



नाताळ जवळ आला की आपल्या बहुतेक मंडळ्यांत एक काम ठरलेले असते. चर्चच्या भिंतींना रंग द्यायचा. आता डिस्टेंपर आणि ऑइलपेंट आले आहेत. पण आमच्यातल्या जुन्या माणसांना आठवते की पूर्वी आदल्या रात्री पिंपात कळीचा चुना भिजत घालायचे, त्यात थोडी नीळ आणि डिंक पडायचा, आणि सकाळी तरुण संघाची मुले कुंचे घेऊन भिंतींना भिडायची. संध्याकाळपर्यंत चर्च पांढरेशुभ्र आणि मुलेही पांढरी!

या चुन्याविषयी लिहावे असे मनात आले त्याला निमित्त झाले बऱ्हाणपूरच्या सहलीचे. तरुण संघाला घेऊन आम्ही तापीकाठचा शाही किल्ला पाहायला गेलो होतो. तिथल्या जुन्या भिंतींवरून हात फिरवताना एका मुलाने विचारले, "दगड तर इथला काळाच आहे. मग सांध्यांतला हा पांढरा चुना कुठून आणला?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. दर नाताळाला चुना लावणाऱ्या आम्हा मोठ्यांना चुना कुठून येतो हे सांगता येईना. परत आल्यावर आम्ही थोडे वाचन केले, थोडी विचारपूस केली. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवत आहोत.

यशया संदेष्टा ५१व्या अध्यायाच्या आरंभी देवाच्या लोकांना सांगतो की, तुम्ही ज्या खडकातून आणि ज्या खाणीतून काढले गेलात तिकडे वळून पाहा. चुन्याचा शोध घेता घेता आम्हांलाही तिकडेच वळून पाहावे लागले.

रावेर सोडून पुढे गेले की मध्य प्रदेशाची हद्द लागते आणि थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येते. दोन्हीकडे केळीच्या बागा, उत्तरेला सातपुडा, आणि साधारण वीस किलोमीटरवर अशीरगडाचा किल्ला. आज राज्य वेगळे असले तरी हे खानदेशचेच जुने राजधानीचे शहर. इ. स. १४००च्या सुमारास नासिरखान फारुकी याने ते वसवले आणि खुलताबादला ज्यांची कबर आहे त्या सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले.

इथली जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा हा दगड. कठीण, जड, घणाखाली सहज न फुटणारा. चुनखडीचे मोठे थर पाहायचे तर यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडे किंवा चंद्रपूरकडे जावे लागते, नाहीतर कलबुर्गीजवळच्या शहाबादला. शहाबादचे नाव आपल्याला परके नाही. आपल्या जुन्या घरांत आणि अनेक चर्चमध्ये जी करडी शहाबादी फरशी असते, ती चुनखडीच. तिथल्या खाणीत हा दगड वहीच्या पानांसारखा थरांवर थर असा असतो. मजूर थरांच्या फटीत पहार घालून लादी उचकटतात. प्रार्थनेला गुडघे टेकताना ज्या थंडगार फरशीचा स्पर्श होतो, ती अशी कोणीतरी पहारीने उचललेली असते.

मग बऱ्हाणपूरच्या आसपास असे थर नसताना चुना कुठून आला? याचे उत्तर शेतकऱ्यांना माहीत आहे. तापीखोऱ्यातली काळी जमीन नांगरली की सुपारीएवढे, लिंबाएवढे, वेडेवाकडे पांढरट खडे वर येतात. नदीच्या आणि नाल्यांच्या दरडींतही त्यांचे पट्टे दिसतात. कोणी त्यांना चुनखड म्हणतात, कोणी कंकर. शेतकऱ्याला ते नकोसे असतात, कारण चुनखडीच्या जमिनीत पिके पिवळी पडतात. पण गवंड्याला तेच हवे असतात.

हे खडे तयार कसे होतात? काळ्या पाषाणातच चुन्याचा अंश असतो. पावसाचे पाणी हजारो वर्षे त्या दगडाला झिजवते, त्यातला चुन्याचा अंश विरघळवून जमिनीत नेते आणि उन्हाळ्यात पाणी आटले की तो अंश खड्याच्या रूपाने मागे राहतो. म्हणजे काळ्या दगडाला जोडणारा पांढरा चुना काळ्या दगडाच्याच झिजण्यातून आलेला असतो. त्या मुलाला आम्ही हे नंतर सांगितले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

खडा मिळाला म्हणजे चुना झाला असे नाही. शेतांतून आणि दरडींतून खणून काढलेले खडे धुऊन त्यांची माती काढायची. मग भट्टीत सरपणाचा किंवा कोळशाचा एक थर आणि खड्यांचा एक थर असे रचून ती पेटवायची. साधारण ९०० अंश सेल्सिअसची धग लागली की दगडातला वायू निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर हाती ५६ किलोच उरते. हा झाला कळीचा चुना. तो हाताला लागला तर कातडी जळते आणि डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. त्यावर पाणी ओतले की तो उकळतो, फुटतो, वाफा सोडतो आणि विझतो. विझलेला चुना काही दिवस मुरत ठेवायचा. मग गोल चरात मोठे दगडी चाक बैलांकडून फिरवून तो वाळू आणि विटांच्या सुरखीबरोबर मळायचा. यालाच चुन्याची घाणी म्हणत. त्यात कुठे गुळाचे पाणी, कुठे बेलफळाचा गर, कुठे हिरड्याचे पाणी पडे.

असा चुना भिंतीत गेला की हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. भट्टीत जे गमावले ते त्याला भिंतीत परत मिळते. त्याला वर्षे लागतात. कंकरात मातीचा अंश असल्यामुळे त्याचा चुना ओलाव्यातही घट्ट होतो. तापीसारख्या पूर येणाऱ्या नदीकाठच्या बांधकामाला असाच चुना उपयोगी पडतो.

चुन्यादगडाच्या या कामावर बऱ्हाणपूर उभे राहिले. राजा अली खान फारुकी याच्या काळात, १५८८-८९ मध्ये इथली जामा मशीद झाली. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. १६०१ मध्ये अशीरगड अकबराच्या हाती गेला आणि बऱ्हाणपूर मोगलांचे दक्षिणेतले मोठे ठाणे झाले. शाही किल्ल्यातल्या हमामखान्याच्या छतावर गिलाव्यावर काढलेली वेलबुट्टी अजून शिल्लक आहे. याच शहरात जून १६३१ मध्ये मुमताज महल बाळंतपणात वारली. तिचा देह सहा महिने तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत होता आणि मग आग्र्याला नेला गेला. पुढे तिच्यासाठी मकराण्याच्या संगमरवराचा ताजमहाल उभा राहिला. संगमरवर म्हणजे पृथ्वीच्या पोटात दाब आणि उष्णता सोसलेली चुनखडीच.

आम्हांला सर्वांत जास्त भावला तो कुंडी भंडारा. अब्दुर्रहीम खानखानान बऱ्हाणपुरात असताना १६१५ मध्ये तबकुतुल अर्झ नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञाने ही पाण्याची व्यवस्था केली. सातपुड्याकडून जमिनीत झिरपणारे पाणी भुयारात गोळा करायचे आणि फक्त उताराच्या जोरावर शहरात आणायचे. वाटेत शंभराच्या वर कुंड्या म्हणजे विहिरीसारखी तोंडे आहेत. सुमारे ८० फूट खाली उतरले की स्वच्छ पाणी वाहताना दिसते आणि भिंतींवर पांढरी पुटे चढलेली दिसतात. तोही चुनाच. पाण्याने विरघळवून आणलेला आणि चारशे वर्षांत थेंबाथेंबाने जमलेला. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत या जागेचे नाव आले.

त्याच १६१५ सालच्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो बऱ्हाणपुरात आला होता. ज्या जेम्स राजाच्या नावाने १६११चे इंग्रजी बायबल ओळखले जाते, त्याच राजाने त्याला पाठवले होते. रोने आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे की शहजाद्याचा वाडा, खानखानानचे घर आणि आणखी थोडी घरे सोडली तर हे शहर मातीच्या झोपड्यांचे आहे.

ही नोंद वाचून आम्ही थांबलो. शेतातून खडे वेचणारे, भट्टी पेटवणारे, घाणीला बैल हाकणारे, काळा दगड फोडणारे लोक त्याच शहरात राहत होते. त्यांनी भाजलेला चुना वाड्यांच्या आणि घुमटांच्या भिंतींत गेला. ते स्वतः मातीच्या भिंतींआड राहिले. बांधवणाऱ्यांची नावे शिलालेखांत आहेत. भाजणाऱ्यांची नाहीत. आपल्या महाराष्ट्रात चुना भाजण्याचे काम लोणारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले, दगड फोडण्याचे वडार बांधवांनी केले. गावाच्या इतिहासात त्यांची नावे शोधून सापडणे कठीण.

पवित्र शास्त्र याबाबतीत प्रामाणिक आहे. शलमोनाच्या मंदिराची हकिगत सांगताना १ राजे ५व्या अध्यायात ओझी वाहणारे ७० हजार आणि डोंगरात दगड फोडणारे ८० हजार लोक होते हे नोंदवते. सहाव्या अध्यायात सांगते की दगड खाणीतच घडवून आणले जात, म्हणून मंदिर बांधताना हातोड्याचा आवाज ऐकू आला नाही. हे वचन आम्ही नेहमी मंदिरातल्या पवित्र शांततेसाठी वाचत आलो. पण मंदिरात आवाज नव्हता याचा अर्थ तो सगळा आवाज खाणीत होता. आणि १२व्या अध्यायात तेच लोक रहबामापुढे उभे राहून म्हणतात की तुझ्या बापाने आमच्यावर भारी जू ठेवले होते. राजाने ऐकले नाही आणि राज्य दुभंगले.

आता आपल्याविषयी. १८९९-१९०० चा दुष्काळ खानदेश, वऱ्हाड आणि मध्य प्रांतात फार भयंकर होता. आमच्या भागातली वडील माणसे त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत. सरकारी दुष्काळी कामांवर बायका, पुरुष आणि पोरे खडी फोडायला बसत. त्याआधीच्या १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना आपल्याकडे घेऊन आल्या. पुढे केडगावला मुक्तीचे घर वाढले ते अशाच मुलींनी. आपल्यापैकी कित्येक घराण्यांचा विश्वासाचा इतिहास याच वर्षांपासून सुरू होतो. आमच्या मंडळीत आम्ही विचारपूस केली तेव्हा चार घरांत तरी पणजोबा-पणजीने खडी फोडल्याची किंवा भट्टीवर काम केल्याची आठवण निघाली. पण सांगताना आवाज खाली जात होता. एका मावशी म्हणाल्या, "हे मुलांना कशाला सांगायचं?"

इथे आम्हांला आमची एक चूक कबूल करायची आहे. आमच्या चर्चची मागची भिंत जुन्या चुन्यातली आहे. काही वर्षांपूर्वी तिला ओल आली. कमिटीची बैठक झाली आणि वरून सिमेंटचा जाड गिलावा करायचे ठरले. त्या बैठकीत मागच्या बाकावर एक वृद्ध काका होते. तरुणपणी ते भट्टीवर राबलेले, नंतर गवंड्याच्या हाताखाली होते. ते उठून म्हणाले, "जुन्या भिंतीला सिमेंट पचत नाही, बाबांनो. आतलं पाणी बाहेर येऊ द्या. चुनाच लावा." कोणी त्यांना उलट बोलले नाही. फक्त पुढचा विषय घेतला. दोन पावसाळ्यांत गिलाव्याला फुगे आले आणि त्याचे पोपडे आतल्या चुन्याला घेऊन गळून पडले. कारण साधे होते. चुन्याची भिंत पाणी घेते आणि उन्हात सोडते. वर सिमेंट आले की पाणी आत कोंडते. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत आज जाणकार पुन्हा चुना वापरतात तो यासाठीच. आम्हांला हे सांगणारा माणूस आमच्यातच बसला होता. तो मागच्या बाकावर होता म्हणून आम्ही त्याचे ऐकले नाही. काका आज आपल्यात नाहीत. त्यांची क्षमा मागायची राहून गेली.

त्या भिंतीपुढे उभे राहून शास्त्र वाचले तर चुन्याची वचने वेगळी कळतात. यहेज्केल १३व्या अध्यायात लोक कच्ची भिंत उभारतात आणि खोटे संदेष्टे तिला वरून चुना फासतात. पाऊस येतो आणि भिंत पडते. मत्तय २३ मध्ये प्रभू येशू शास्त्री-परूश्यांना चुना लावलेल्या कबरांची उपमा देतो. प्रेषितांची कृत्ये २३ मध्ये पौल मुख्य याजकाला चुना लावलेली भिंत म्हणतो. या तिन्ही ठिकाणी चुना वरून लावलेला आहे. झाकण्यासाठी लावलेला आहे. पण अनुवाद २७ मध्ये मोशे सांगतो की यार्देनेपलीकडे मोठे धोंडे उभारा, त्यांना चुन्याचा लेप द्या आणि त्यावर नियमशास्त्राचे शब्द स्पष्ट लिहा. चुना तोच. एकीकडे त्याने खोटे झाकले, दुसरीकडे त्याने खरे सर्वांना वाचता येईल असे केले.

आणि आणखी एक चुना असतो, तो मुळीच दिसत नाही. तो दोन दगडांच्या मध्ये असतो. नाताळापूर्वी आम्ही वरचा चुना किती हौसेने लावतो! पण माणसामाणसांतला चुना कधी पाहिला? कोण मागच्या बाकावर बसते, कोणाचा शब्द बैठकीत विरून जातो, कोणत्या घरात आजोबांचे काम सांगताना आवाज खाली जातो? पौल कलस्सैकरांस पत्रात प्रीतीला पूर्णतेचे बंधन म्हणतो. हे बंधन फुकट तयार होत नाही. चुन्याला भाजावे लागते, आपले वजन घालवावे लागते, विझावे लागते आणि मग कोणाला न दिसता दोघांच्या मध्ये राहावे लागते.

शेवटी बऱ्हाणपूरहून यरुशलेमेला जाऊ, कारण तेही चुनखडीचेच शहर आहे. तिथल्या जुन्या शहराखाली मोठी खाण आहे. लोक तिला शलमोनाची खाण म्हणत आले. पण आम्हांला दुसऱ्याच खाणीविषयी सांगायचे आहे. पवित्र कबरेच्या चर्चखाली झालेल्या उत्खननात तिथे पूर्वी चुनखडीची खाण होती असे आढळले. प्रभूच्या काळापूर्वीच ती सोडून दिली गेली होती. अनेक पुरातत्त्व अभ्यासक असे मानतात की गुलगुथा म्हणून दाखवला जाणारा खडक हा त्या खाणीतला मागे राहिलेला भाग आहे. पाथरवटांनी भोवतीचा चांगला दगड काढून नेला. हा तडे गेलेला होता, बांधकामाच्या कामाचा नव्हता, म्हणून तसाच सोडला.

बांधणाऱ्यांनी नापसंत केलेल्या धोंड्याविषयी आपण स्तोत्र ११८ मध्ये वाचतो. तो कोनशिला झाला असे पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो आणि मग आपल्यालाही जिवंत दगड म्हणतो. आपला प्रभू टाकून दिलेल्या खाणीत, नाकारलेल्या खडकावर, नगराच्या वेशीबाहेर मरण पावला. ज्यांची नावे कोणत्याही भिंतीवर लिहिली गेली नाहीत, ते घाम गाळून गेले अशाच एका ठिकाणी. तिथून त्याने आपले मंदिर बांधायला सुरुवात केली. मग खाणीतून आलो हे सांगताना आपला आवाज खाली का जावा?

या नाताळात आमच्या मंडळीने एक ठरवले आहे. भिंतीवरचे सिमेंट काढून पुन्हा चुना करायचा, आणि ज्यांना हे काम येते त्यांना शोधून, मान देऊन, त्यांच्याकडून मुलांनी शिकायचे. आणि ख्रिस्तजयंतीआधीच्या एका संध्याकाळी घरोघरच्या आजी-आजोबांनी आपल्या वडीलधाऱ्यांनी काय काम केले ते सर्वांसमोर सांगायचे. त्या मावशींनीही हो म्हटले आहे. आपल्या मंडळीतही असे करून पाहा.

हे स्वर्गीय पित्या, ज्यांच्या हातांनी दगड फुटले आणि ज्यांचे हात चुन्याने भाजले, त्यांना तू नावानिशी ओळखतोस. आमच्यात मागे बसलेल्यांचा शब्द ऐकण्याची नम्रता आम्हांला दे. आम्ही वरून पांढरे आणि आतून सुटे असे राहू नये, तर तुझ्या पुत्राच्या प्रीतीने एकमेकांना धरून राहावे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.